तेलाच्या कंपनीचे शेअर आणि माझा डावा गुडघा

आमच्या घरात तेलाचे दोन वास कायम असायचे. एक माझ्या स्वयंपाकघरातला, करडईच्या तेलाचा. ते तेल माझ्या माहेराहून, नगर जिल्ह्यातल्या कर्जतहून यायचं. दुसरा वास ह्यांच्या हातांचा. नगरला लागून असलेल्या भिंगारच्या छावणीत लष्कराच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या वर्कशॉपमध्ये ह्यांनी सगळी नोकरी काढली. लष्करातले नव्हेत, सिव्हिलियन मेकॅनिक. पण रुबाब असा, की साहेबांची जीप ह्यांना विचारल्याशिवाय सुरूच होत नाही. घरी आले की आधी रॉकेल, मग साबण, मग डाळीचं पीठ, एवढं सगळं हाताला चोळून झालं तरी नखांच्या कडेला काळी रेघ राहायचीच. लग्नानंतर मला तो वास मुळीच आवडायचा नाही. पुढे इतकी सवय झाली की हे सुट्टीवर असले की घरात काहीतरी चुकल्यासारखं वाटायचं.

निवृत्त झाल्यावर हातांचा वास गेला, डोक्यातलं तेल गेलं नाही. त्यातही ह्यांची भक्ती एकाच कंपनीवर. हिरव्या डब्यातून येणारं तिचं इंजिन ऑइल ह्यांनी उभा जन्म वापरलं. त्या कंपनीचं नाव मी इथे घेत नाही. मी ह्यांचंही नाव घेत नाही, तेव्हा दोघांचा मान सारखाच राहिला. आमच्या गच्चीत तुळस आहे ती त्याच हिरव्या डब्यात. गव्हाचं माप म्हणून त्याच कंपनीचा छोटा डबा. पाहुणे आले की हे कौतुकाने सांगायचे, 'डबा बघा, अजून गंज नाही.'

तर एका सकाळी ह्यांनी चहात बिस्कीट बुडवलं आणि ते विरघळून तळाला गेलं तरी ह्यांची नजर मोबाईलवरून हलेना.

"पार पडला," हे म्हणाले.

"कोण पडलं?"

"शेअर. आपल्या कंपनीचा."

आपल्या कंपनीचा, म्हणे! भानगड अशी होती, की कंपनीने दुसरा एक मोठा कारखाना कर्ज काढून विकत घेतला होता आणि तो काही चालला नव्हता. संचालकांमधले दोघं राजीनामे देऊन बाहेर पडले होते. पेपरात रोज काहीबाही छापून येत होतं आणि शेअर रोज एकेक पायरी खाली उतरत होता. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, बरं झालं आपण त्यात नव्हतो. ह्यांच्या डोळ्यांत मात्र चमक आली. निवृत्तीनंतर ह्यांनी शेअरचं खातं उघडलं होतं, त्यात किरकोळ घेणं-विकणं चालायचं, भाजीबाजारात गेल्यासारखं. या वेळी ह्यांना किरकोळ घ्यायचं नव्हतं. आणि जे पैसे घालायचे होते ते ह्यांचे नव्हते, माझे होते.

ते पैसे कुठले, हे सांगायला हवं. कर्जतला आमच्या शेताची एक पट्टी रस्ता रुंद करताना सरकारने घेतली. त्याचे पैसे माझ्या धाकट्या भावाकडे आले. आमच्याकडे रीत अशी, की बहिणीने हक्कसोडीवर सही करायची आणि भावाने दिवाळीला साडी घ्यायची. मी सही करायला तयारच होते, पेनसुद्धा घेऊन गेले होते. भावाने ते पेन माझ्या हातातून घेतलं आणि स्वतःच्या खिशाला लावलं. म्हणाला, "आक्का, साडी मी घेईनच. पर ह्यो वाटा तुझा हाय. आप्पा असते तर त्येंनी दिलाच असता." आप्पा म्हणजे आमचे वडील. मी तिथेच घळाघळा रडले. पैशांसाठी नाही, तो 'तुझा हाय' म्हणाला म्हणून. त्याने पैसे माझ्या खात्यात भरले आणि जन्मात पहिल्यांदा माझ्या एकटीच्या नावावर एक मोठी रक्कम दिसू लागली.

ती रक्कम कशाला लावायची तेही ठरलेलंच होतं. माझे दोन्ही गुडघे गेलेले. नगरच्या डॉक्टरांनी फोटो काढून दाखवला: मधली गादी झिजून संपलेली, हाडावर हाड घासतंय. दोन्ही बदलायचे, पण आधी डावा. रक्कम बरोबर एका गुडघ्यापुरती होती.

ह्यांचं गणित इथून सुरू व्हायचं. "आत्ता एकच गुडघा होईल. पण हेच पैसे या भावात शेअरमध्ये घातले, वर्षभर कळ काढली, की दोन्ही गुडघे. वर वाढदिवसाला पैठणी."

"आणि कंपनी बुडाली तर?"

"बुडेल कशी? तेल आहे ते. तरंगणारच."

भिंगारमध्ये आमच्या घरापासून थोडं पुढे ओढ्यावरच्या एका मोरीच्या कठड्यावर निवृत्त मंडळी संध्याकाळी बसतात. तिथे या विषयावर दोन तट पडले. मला भाजी आणायला जाताना ऐकू यायचं. एक म्हणायचा, पडत्या सुरीला हात लावू नये. दुसरा म्हणायचा, सगळे पळतात तेव्हाच घ्यावं. माझ्या गुडघ्यांचा निकाल त्या कठड्यावर लागणार, असं दिसत होतं. मी जवळून गेले की सगळे एकदम पावसापाण्याचं बोलायला लागायचे.

आता कुणी म्हणेल, पैसे तुमचे, तुम्ही सरळ 'नाही' का म्हणाला नाहीत? तर खरं सांगते. मला ऑपरेशनची विलक्षण भीती वाटत होती. करवतीने हाड कापतात, असं कुणीतरी मला सांगून ठेवलं होतं, आणि डोळे मिटले की मला सुताराचं दुकानच दिसायचं. त्यामुळे ह्यांनी शेअरचं काढलं तेव्हा मी वरवर कुरकुर केली, पण आतून बरं वाटलं. मी भित्री आहे असं सांगण्यापेक्षा 'आमच्या ह्यांचं शेअरचं ठरतंय, मग बघू' असं लोकांना सांगणं सोपं होतं. डॉक्टरांकडून फोन आला की मी हेच सांगायचे. डॉक्टर बिचारे म्हणायचे, बरं, ठरलं की कळवा.

असं 'ठरतंय, ठरतंय' म्हणत दिवाळी गेली आणि हुरड्याचे दिवस आले. भाऊ हुरड्याची पिशवी घेऊन भिंगारला आला. हुरडा खाता खाता ह्यांनी विषय काढलाच.

भाऊ म्हणाला, "म्हंजी दाजी, कंपनी आजारी हाय म्हनता, आन घ्यायची बी म्हनता?"

"आजारी नाही रे. जरा वाळलीय."

"मग बैलावानी बघा की! वाळका बैल घ्यायला हरकत न्हाई. मांस काय, खुराक दिला की चढतंय. पर हाड चांगलं पायजे."

ह्यांनी मांडीवर थाप मारली. "अगदी बरोबर बोललास. हाड चांगलं आहे. मला तिचं तेल माहीत आहे ना!" आणि उठून आतून हिरवा डबा घेऊन आले. मेकॅनिक लोक तेलाचा एक थेंब कागदावर टाकतात आणि तो कसा पसरतो ते बघतात. चांगलं तेल सारखं पसरतं. ह्यांनी त्या दिवशीच्या पेपरावरच थेंब टाकला. नेमका त्या कंपनीच्या तोट्याच्या बातमीवर. थेंब पसरत गेला, बातमी दिसेनाशी झाली, आणि हे विजयी मुद्रेने आमच्याकडे बघू लागले. अंगठ्याने आणि बोटाने तेल चोळून भावालाही चोळायला लावलं. भावाने हुरड्याचेच हात पुढे केले.

बैल म्हटलं की आमच्या माहेरी ह्यांची एक गोष्ट निघतेच, आणि त्या दिवशीही निघाली. आमच्या लग्नाचं ते पहिलंच वर्ष. आप्पा ह्यांना बैलबाजारात घेऊन गेले. बाजारात भाव तोंडाने करत नाहीत. जनावरांचा व्यापारी, त्याला हेडी म्हणतात, तो आणि गिऱ्हाईक टॉवेलखाली हात घालतात आणि एकमेकांची बोटं दाबतात. एक बोट म्हणजे एक, दोन म्हणजे दोन. शेकडा की हजार, ते दोघांना ठाऊक असतं, भोवतीच्या बघ्यांना काही कळत नाही. आप्पांना हौस, की नव्या जावयाच्या हाताने बैल घ्यावा. वाटेत ह्यांना सगळं शिकवलं. पण टॉवेलखाली हात गेला, हेडीने बोट दाबलं, आणि हे असे काही घाबरले की ह्यांनी हेडीचा आख्खा हातच घट्ट धरला. हेडी मोठ्याने ओरडला, "आरं, पाव्हन्यानं आख्खा हात धरला! म्हंजी मागीन ते देनार!" सगळा बाजार हसला. आप्पांनी टॉवेल ओढून घेतला आणि दोघं तसेच परत आले. घरी आल्यावर आप्पा आईला म्हणाले, "मानूस लई भला हाय. पर त्यास्नी भाव करता येत न्हाई."

भावाने ती गोष्ट सांगून झाल्यावर हे नेहमीसारखे म्हणाले, "माझ्या हाताला घाम आला होता, म्हणून." मग भाऊ गंभीर झाला. म्हणाला, "दाजी, बाजारात समदेच बैल चांगले दिसत्यात. शिंगं रंगवल्याली असत्यात. आप्पा म्हनायचे, बैल बघू नये, त्याचा गोठा बघावा. चला, गोठा बघू."

त्या कंपनीचा एक कारखाना आमच्याच जिल्ह्यात, पुण्याच्या रस्त्याला एका औद्योगिक वसाहतीत आहे. तिथे तेलं मिसळून डब्यांत भरतात. शेअर घ्यावा की नाही हे ठरवायला कारखान्याच्या फाटकाशी जाऊन उभं राहणारी माणसं आमच्याशिवाय कुणी असतील असं मला वाटत नाही. पण दोघंही इतके उत्साहात होते, की मलाही घरी राहवेना. पैसे माझे, तेव्हा गोठा मीही बघणार.

भावाच्या पिकअपची पायरी उंच. ह्यांनी जुन्या बॅटरीची लाकडी पेटी आणून खाली ठेवली, तिच्यावर पाय ठेवून मी चढले. तिघं पुढेच बसलो. वाटेत भाऊ एका मेंढराच्या कळपासाठी थांबला, तेवढ्यात ह्यांनी त्याच्या पिकअपच्या इंजिनाचा आवाज ऐकून दोन दोष काढले. मजेत चाललो होतो आम्ही.

कारखान्याच्या फाटकावर पहारेकरी होता, वयस्कर, पारनेरकडचा. भावाने त्याला तंबाखू दिली आणि क्षणात दोघं जुने सोयरे असल्यासारखे बोलू लागले. आम्ही जाळीच्या कुंपणातून आत बघत उभे राहिलो. भावाने त्याच्या पद्धतीने पाहणी सुरू केली. आवारात टँकर उभे होते, त्यांतल्या निम्म्यांच्या चाकांभोवती गवत वाढलं होतं. "ही जनावरं बसून हाईत," भाऊ म्हणाला. पण दोन टँकर धुतलेले होते आणि मागच्या शेडमधून यंत्राचा आवाज येत होता. पिण्याच्या पाण्याची टाकी स्वच्छ होती. "पान्याची जागा साफ हाय. म्हंजी मालकाचं ध्यान हाय अजून." पहारेकरी म्हणाला, दोनपैकी एकच लाईन चालू आहे. पगार होतो, पण उशिरा. साहेब लोक बदलत राहतात. "कंपनी राहील का जाईल, आमाला काय म्हाईत? पर तेल चांगलं हाय." ह्यांनी मान वर करून असा श्वास घेतला, की तिथल्या हवेतही ह्यांना गुण दिसत होता.

इथे मला एक सांगायला लाज वाटते, पण सांगते, कारण सगळं ठरलं ते त्यामुळेच. घराबाहेर पडायचं असलं की पाणी प्यायचं नाही, हे मी केव्हापासून शिकले होते. त्या दिवशी हुरड्याबरोबर तिखट चटणी झाली आणि मी तांब्याभर पाणी प्यायले. आता काही इलाज नव्हता. पहारेकऱ्याने केबिनमागचं शौचालय दाखवलं. वाट उंचसखल होती म्हणून हे सोबत आले. मी आत गेले आणि लगेच बाहेर आले.

"काय झालं?"

"चला घरी."

"अगं, पण झालं काय?"

"बसायचं आहे ते! खाली बसायचं! मला बसता येतं का?" मी खेकसलेच. आमच्या घरी उंच भांडं आहे, त्यामुळे ह्यांच्या डोक्यात हे कधी आलंच नव्हतं. लग्नात, देवळात, एसटी स्टँडवर मी कशी निभावते, हे मी सांगितलं नव्हतं आणि ह्यांनी विचारलं नव्हतं.

हे म्हणाले, "चल, मी आहे." आत आले, भिंतीकडे तोंड केलं आणि दोन्ही हात मागे केले. ते हात धरून मी कशीबशी बसले. उठताना मात्र पाय उचलेनात. ह्यांनी हात ओढले, मी वर आले, आणि माझा डावा गुडघा वाजला. नुसता कट असा नाही, बराच वेळ करकरत वाजला. घरात टीव्ही चालू असतो, मिक्सर चालू असतो. तिथे त्या लहानशा खोलीत दुसरा कसलाही आवाज नव्हता.

ज्या माणसाने नुसत्या आवाजावरून गाड्यांची दुखणी ओळखली, त्याने तो आवाज ऐकला. ह्यांनी वळून बघितलं नाही. फक्त माझे हात सोडायला ह्यांनी फार वेळ लावला.

बाहेर आलो तर भाऊ हसतमुख. "दाजी, मी समदं बघितलं. हाड चांगलं हाय. घ्यायला हरकत न्हाई."

"नको," हे म्हणाले.

"आँ? आवो, गोठा चांगला हाय म्हनतोय की मी!"

"असू दे. नको."

परतीच्या वाटेला लागलो. भावाने रेडिओ लावला आणि थोड्या वेळाने आपणच बंद केला. भिंगारला पोचल्यावर तो बाजारात खताची चौकशी करून येतो म्हणून गेला. मला वाटतं, खत वगैरे काही नसावं, त्याने आम्हाला मोकळं सोडलं.

मी चहा टाकला. हे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, "इतका आवाज येतोय आणि तू बोलली नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कधी? तुम्हाला शेअरचा भाव विचारायला वेळ पुरत नाही." मी चिडलेच होते. "एक गुडघा होत होता, तो केला असता. दोन पाहिजेत म्हणून कुणी हट्ट धरला?"

हे दाराच्या कडेवर बोट फिरवत म्हणाले, "मी नोकरीत सगळ्यांना एकच सांगत आलो. इंजिनाची कंपनी फिटिंग मोडू नका. एकदा खोललं की ते पुन्हा पहिल्यासारखं बसत नाही. आणि डॉक्टर म्हणाले, बाईंचा गुडघा खोलायचा. म्हणजे तुला खोलणार. ते तुला आत नेणार, दार लावून घेणार. मी बाहेर काय करायचं? गाडी असती तर आत जाऊन उभा राहिलो असतो, पाना तरी दिला असता हातात."

"म्हणून शेअर?"

"वर्षभर तरी टळलं असतं."

मला आधी हसू आलं आणि मग डोळे भरून आले. म्हणजे मी त्या कंपनीच्या आड लपले होते आणि हेही तिच्याच आड लपले होते, आणि दोघांनाही वाटत होतं की आपण एकटेच लपलोय. मी ह्यांना माझंही सांगून टाकलं, ती करवत, ते सुताराचं दुकान, सगळं. मग एकदम मला राग आला. इतकी वर्षं काम केलेला माणूस, आणि असं बोलतो?

"तुम्ही आजपर्यंत किती इंजिनं खोललीत?" मी विचारलं.

"मोजलीत कुणी!"

"त्यातली किती पुन्हा चालू झाली?"

ह्यांनी ताठ होऊन माझ्याकडे बघितलं. तोंडावर अपमान झाल्यासारखा भाव. "किती म्हणजे? सगळी!"

"मग झालं तर," मी म्हटलं आणि चहा गाळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतः डॉक्टरांना फोन केला आणि ठरलं म्हणून कळवलं.

शेअरचं काय झालं ते सांगते, कारण लोक मला गुडघ्याच्या आधी तेच विचारतात. माझ्या पैशांतला एक रुपयाही तिकडे गेला नाही. पण भावाला काही राहवेना. त्याने त्याच्या मुलीकडून मोबाईलवर खातं उघडून घेतलं आणि थोडे शेअर घेतले. वाळका बैल शेवटी त्याच्या गोठ्यात गेला. फोन आला की हे त्याला विचारतात, "काय म्हणतो बैल?" तो म्हणतो, "कवा चारा खातोय, कवा बसून ऱ्हातोय." मध्यंतरी शेअर चांगला वर गेला होता. तेव्हा मोरीच्या कठड्यावरचे एक काका मला मुद्दाम थांबवून म्हणाले, "वहिनी, तुमचा दुसरा गुडघा हातचा गेला की हो." मी म्हटलं, "काका, मी घरापासून इथपर्यंत चालत आलेय, ते बघितलंत का?" त्यांनी बघितलं नव्हतं. पुढे शेअर पुन्हा खाली आला, त्या दिवशी मात्र मला कुणी थांबवलं नाही.

डावा गुडघा छान बसला. तपासायला गेल्यावर ह्यांनी डॉक्टरांना विचारलं, "याला ऑइलिंग काय करायचं?" डॉक्टर हसले आणि म्हणाले, काही नाही, रोज चालवा. हे उत्तर ह्यांना फार पटलं. "उभी गाडीच बिघडते," हे मला रोज ऐकवतात आणि संध्याकाळी चपला माझ्यासमोर आणून ठेवतात. आता उजव्या गुडघ्यासाठी ह्यांनीच मागे लकडा लावलाय. त्याचे पैसे हे स्वतःच्या ठेवीतून घालणार आहेत, असं ह्यांनी परस्पर जाहीर केलंय. मीच म्हणते, उन्हाळा जाऊ द्या. भीती नाही आता. असं लकडा लावून घ्यायला बरं वाटतं, म्हणून.

पण मला आठवते ती ऑपरेशनची सकाळ. नगरच्या दवाखान्यात मला हिरवा गाऊन घालून खाटेवर निजवलं होतं, अंगावर पांढरी चादर. बांगड्या, मंगळसूत्र सगळं काढून ह्यांच्या रुमालात बांधलेलं. भाऊ पहाटेच कर्जतहून निघून आलेला, पायाशी उभा. हे माझ्या उशाशी बसले होते. ह्यांनी इकडे तिकडे बघितलं, नर्स नव्हती, आणि चादरीखाली हळूच हात घातला.

चादर हलली ती भावाने बघितली. त्याच्या डोळ्यांत तेवढ्यातही मिश्किलपणा आला. म्हणाला, "दाजी, टॉवेलखाली भाव चाललाय व्हय? कितीला ठरला?"

मीच म्हटलं, "आख्खा हात धरलाय."

भाऊ हसायला लागला, पण ते हसू पुरतं झालंच नाही. तो वळून खिडकीकडे गेला आणि बाहेरची पार्किंग बघत उभा राहिला.

मग न्यायला आले. खाट ढकलत निघाले आणि हे चादरीखालचा हात तसाच धरून बाजूने चालू लागले, वाकून, अवघडून. ह्यांच्या हाताला घाम आला होता. आतल्या दाराशी नर्स म्हणाली, "काका, आता सोडा." तेव्हा मी ह्यांचं एक बोट दाबलं. एकच. एक गुडघा तेवढा इथे देते, बाकीची सगळी परत येते, असं मला म्हणायचं होतं. ह्यांना ते कळलं की नाही, कोण जाणे. बोटांचा तो हिशेब ह्यांना कधी जमलाच नाही. पण ह्यांनी मान हलवली, आणि दार लागलं.